मढ्यावरचं कापड

दोस्तांनो, एक सवाल घेऊन तुमच्यापुढं आलोय. सवाल मेलेल्या माणसाचा आहे, पण उत्तर जित्यांनीच द्यायचं आहे. मढ्याच्या नावावर पैसा घेणं हा धंदा की लूट? आणि घेणारा हात आपल्याच माणसाचा असेल तर?

बाप गेला तो दवाखान्यात, रात्री अडीचला. शवागाराच्या दारात एकजण म्हणाला, "बांधून द्यायचे पाचशे." दिले. बाहेर गाडीवाला उभाच होता. सात किलोमीटरचे साडेतीन हजार. "रात्रीचा रेट आहे भाऊ." दिले. सकाळी सामानाच्या दुकानात बांबू, सुतळी, कापड, हार, मडकं. आम्ही बौद्ध, मडकं नको म्हणालो. दुकानदार म्हणाला, "सेट असाच येतो." सेटचे पैसे दिले, मडकं तिथंच ठेवलं. स्मशानात लाकूड पालिकेचं, मोफत. तशी पाटी होती, पण अक्षरं पुसून गेलेली. मोफतचं लाकूड ओलं निघालं. सुकं पाहिजे तर बाराशे. तेही दिले. संध्याकाळी खिसे चाचपले. एकाही पैशाची पावती नव्हती.

मी युनियनमध्ये काम केलेला माणूस. मेथीच्या जुडीला घासाघीस करणारा. पण त्या दिवशी तोंडातनं शब्द फुटला नाही. का फुटला नाही, ह्याचा पुढं पुष्कळ दिवस विचार केला.

बाजारात गिऱ्हाईकाची ताकद एकच. परवडत नसेल तर उठून दुसऱ्या दुकानात जायचं. ज्याच्या घरी मढं पडलंय त्याला उठून जाता येत नाही. पाहुणे ताटकळलेत, आय धाय मोकलून रडतेय, ऊन चढतंय. वर लाज. "बापाच्या मातीला पैशाकडं बघतो," असं चार लोक म्हणतील. ही लाज म्हणजेच ह्या धंद्याचं भांडवल. तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याच्याकडनं घेतलेल्या पैशाला किंमत म्हणत नाहीत. खंडणी म्हणतात.

कीर्तनकार हरिश्चंद्राची गोष्ट सांगतात. डोंबाचा चाकर झालेला राजा स्मशानात बसतो, आणि पोराचं मढं घेऊन आलेल्या स्वतःच्या बायकोकडंही कर मागतो. म्हणून तो सत्यवचनी. ह्यातली एक गोष्ट मला पटते. कर ठरलेला होता. राणीला तोच, भिकारणीला तोच. पण जिच्याजवळ अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नाही तिच्याकडनंही घ्यायचा, ह्याला ह्या संस्कृतीनं सत्य म्हटलं. अन्याय म्हटलं नाही. म्हणून नुसता दर ठरवून भागत नाही. ज्याच्याकडं नाही त्याला फुकट, हाही दरच पाहिजे.

आता आपल्या बापजाद्यांचं बघा. गावात कुणी मेलं की महारानं पावसापाण्यात गावोगाव सांगावा न्यायचा, सरणाला लाकडं वाहायची, आणि मोबदला काय, तर मढ्यावरचं कापड. ह्याला हक्क म्हणायचे! बाबासाहेबांनी ही लाचारी सोडायला सांगितली. 1928 साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. महार वतन गेलं ते त्यांच्या मागं, 1958 च्या कायद्यानं. आपण कापड सोडलं. पण मढ्यावरचं कापड काही मढ्यावर राहिलं नाही. ते बाजारानं उचललं.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत 10 वी नोंद दफनभूमी आणि स्मशानांची आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं हेच काम बाराव्या परिशिष्टात, पालिकांच्या कामांत घातलं. परमानंद कटारा यांच्या खटल्यात 1995 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कलम 21 मधली प्रतिष्ठा मेलेल्या देहालाही आहे. 2017 चा जीएसटी कायदा तर म्हणतो की अंत्यविधी, स्मशान, शवागार, मढं वाहून नेणं ही वस्तूही नाही आणि सेवाही नाही. म्हणून त्यावर कर नाही. ठीक. पण कर घेताना जो बाजार सरकारला दिसत नाही, तो दर लावतानाही दिसू नये?

ग्राहक कायद्याचंही तसंच. 1986 चा गेला, 2019 चा आला, पण फुकट दिलेली सेवा दोन्हींत सेवा धरलेली नाही. म्हणजे मोफत लाकूड ओलं निघालं तर मी गिऱ्हाईक नाही. गाडीवाल्याला पैसे मोजले तर मी गिऱ्हाईक, पण पावती नाही. एकीकडं हक्क नाही, दुसरीकडं पुरावा नाही. मे 2021 मध्ये, करोनाची दुसरी लाट चालू असताना, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सांगावं लागलं की शववाहिन्यांचे दर ठरवून द्या, लोकांना लुटू देऊ नका. जे आधीच असायला हवं होतं ते सांगायला एवढी मढी पडावी लागली.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत 1963 साली जेसिका मिटफर्ड ह्या बाईनं पुस्तक लिहून तिथल्या अंत्यविधीच्या धंद्याचं बिंग फोडलं. 1984 पासून तिथं नियम आहे. प्रत्येक वस्तूचा वेगळा दर छापील कागदावर द्यायचा, फोनवर विचारला तरी सांगायचा, नको ती वस्तू गळ्यात मारायची नाही. लूट तेवढ्यानं संपली असं नव्हे. पण भांडणाऱ्याच्या हातात कागद आला. माझ्या हातात मडकं आलं.

आता जी गोष्ट सांगायला जड जातंय ती सांगतो. सरण रचणारा माणूस शेवटी शंभर रुपये मागायला आला. आणि मी भडकलो. जे गाडीवाल्याला बोललो नाही, दुकानदाराला बोललो नाही, ते सगळं ह्याला बोललो. मढ्यावरचं खातोस, म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जयभीम भाऊ. ठेकेदार तीन-तीन महिने पगार देत नाही. राख काढायला हातमोजे नाहीत." त्याचे तळवे मी बघितले.

साडेतीन हजाराला मिटलेलं माझं तोंड शंभराला उघडलं होतं. का? तर हा खालचा, ह्याला बोलता येतं. दोस्तांनो, जात गावकुसात असते, कायद्याच्या फटीत असते, हे मला पाठ होतं. ती माझ्या जिभेवरही बसलेली आहे, हे बापाच्या सरणापुढं कळलं.

म्हणून लढायचं तर नेमकं कुणाशी हे आधी ठरवू या. शंभर मागणाऱ्याशी नव्हे. त्याला ठेक्यावर राबवणाऱ्याशी. मागण्या साध्या आहेत. स्मशानात, शवागारात, शववाहिनीवर दराचा फलक. प्रत्येक पैशाची पावती. सुकं लाकूड, तोलून. जळणाऱ्या सरणापुढं उभं राहणाऱ्याला कायम नोकरी, वेळेवर पगार, हातमोजे, बूट. 

आणि थोडं स्वतःशीही लढू. आपण तेरावं सोडलं, पण पुण्यानुमोदनाला मांडव, बॅनर, दोनशे पानं. माझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाचा बॅनर मीच लावला. सहा फूट बाय चार फूट. पैसे उसने होते. त्रिशरण पंचशीलाला एक रुपया लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं का?

शेवटचं एक. ज्याच्या घरी मयत झालंय त्याला त्या दिवशी बोलता येत नाही, तो दोष त्याचा नाही. म्हणून वस्तीतल्या दोघांनी त्याच्याबरोबर जायचं, दर विचारायचा, पावती मागायची. त्याची जीभ आपण व्हायचं.

त्या माणसाकडं मी परत जाऊन आलो. माफी मागितली. तो हसला, म्हणाला, पाटीचं काहीतरी करा. येत्या रविवारी ती पुसलेली अक्षरं रंगवायला जातोय. रंग माझ्याकडं आहे. ब्रश घेऊन या.

जयभीम.