दाराआडचा समुद्र

रायगड म्हटलं की लोकांना अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन आठवतं. भिसेगावचा माणूस ‘मी रायगडचा’ म्हणाला की समोरचा लगेच विचारतो, ‘मग काय, बीच जवळच असेल?’ नाही. कर्जत-खालापूरला समुद्र नाही. आमच्याकडे उल्हास नदी आहे, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लागणारी इंजिनं आहेत आणि जूनपासून चार महिने धो धो कोसळणारा पाऊस आहे. समुद्र बघायचा तर लोकल पकडायची. पण तिथे पोहोचलं की तो फुकट आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या माणसाला ‘तुमचं तिकीट?’ असं कुणी विचारत नाही.

आता दुसरा समुद्र बघा. मार्च २०२१ मध्ये सॅफ्रनआर्ट या मुंबईतल्या लिलावगृहात वासुदेव गायतोंडे यांचं १९६१ सालचं एक चित्र ३९ कोटी ९८ लाख रुपयांना विकलं गेलं. चित्राला नाव नाही. निळसर-हिरव्या रंगांचं हे चित्र बघताना अनेकांना पाण्यावर हलणारा उजेड आठवतो. वर्षाला दहा लाख कमावणाऱ्या इंजिनिअरने एकही रुपया खर्च न करता साठवला, तर हे चित्र घ्यायला त्याला साधारण ४०० वर्षं लागतील. पण मला किमतीपेक्षा वेगळा प्रश्न पडतो. इतके पैसे मोजल्यावर घेणाऱ्याचं नेमकं काय होतं? चित्र त्याचं होतं, हे ठीक. मग चित्र बघणंही फक्त त्याचंच होतं का?

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले, गिरगावात वाढले, आणि १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. पुढे ब्रीच कँडीच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता, समुद्राला लागून. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या लहानशा घरात, राहून काम करत राहिले. वर्षाला मोजकीच चित्रं. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हटलेलंही त्यांना पटत नसे, त्यामुळे ‘हा समुद्र आहे’ असं ते म्हणण्याची शक्यताच नव्हती. त्या निळ्यात समुद्र बघतो तो बघणारा. म्हणजे चित्राचं निम्मं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांत होतं. बघणाराच नसेल, तर ते काम अर्धवट राहतं.

‘विकत घेतलं म्हणजे संपलं’ हे वाटतं तितकं साधं नाही, हे आपल्या कायद्यालाही माहीत आहे. १९७९ मध्ये दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं आणि त्याची मोडतोड झाली. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल सहगलांच्या बाजूने दिला. पाच लाखांची भरपाई मिळाली आणि शिल्पाचे अवशेषही त्यांना परत करायला सांगितलं. याच कॉपीराइट कायद्यात १९९४ सालच्या दुरुस्तीने आणखी एक कलम आलं. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. म्हणजे विक्रीनंतरही करणाऱ्याची नाळ पूर्ण तुटत नाही.

पण बघणाऱ्याचं काय? त्याच कायद्यात, कलाकाराच्या नैतिक हक्कांच्या कलमाखाली, एक छोटं स्पष्टीकरण आहे. कलाकृती लोकांसमोर न मांडणं हा कलाकाराच्या हक्काचा भंग मानला जाणार नाही. म्हणजे चित्र फाडलंत तर कोर्टात जावं लागेल. पण कापडात गुंडाळून तिजोरीत टाकलंत आणि किल्ली हरवलीत, तर कुणाची तक्रार चालणार नाही. बघणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्हींत फरक किती?

समुद्राबाबत मात्र कायदा वेगळं बोलतो. ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की समुद्र, वाहतं पाणी, हवा, वनं अशा गोष्टींची सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. ती लोकांच्या वतीने सांभाळायची, कुणा एकाला देऊन टाकायची नाही. या निकालात जोसेफ सॅक्स या अमेरिकी कायदेपंडिताच्या लिखाणाचा आधार होता. गंमत म्हणजे याच सॅक्सने १९९९ साली चित्रांवरही एक पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकातच एक प्रश्न लपलेला आहे : तुमच्या मालकीच्या रेम्ब्राँटवर तुम्ही बाण मारायचा खेळ खेळलात, तर तुम्हाला अडवायचं कुणी? समुद्र आणि चित्र या दोन्हींबद्दल एकाच माणसाला तोच विचार करावासा वाटला.

हा प्रश्न फक्त पुस्तकी नाही. १९९० मध्ये र्‍योएई साइतो या जपानी उद्योगपतीने व्हॅन गॉगचं ‘डॉ. गाशे’ हे व्यक्तिचित्र ८ कोटी २५ लाख डॉलरला घेतलं आणि आपल्या मृत्यूनंतर ते आपल्यासोबत जाळावं असं म्हटलं. जग हादरल्यावर ती थट्टा होती असा खुलासा झाला. पण लोक हादरले का? वस्तू त्याची, पैसे त्याचे. तरी सगळ्यांना वाटलं की हा आपलं काहीतरी जाळायला निघालाय. त्या वाटण्यात मला तथ्य दिसतं.

तरीही ‘चित्र सगळ्यांचं’ म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. समुद्र कुणी बनवलेला नाही. चित्र एका माणसाने, भाडं आणि रंगांचा खर्च भागवत बनवलेलं असतं. विकत घेणारेच नसते तर अनेक चित्रकारांनी ब्रश खाली ठेवला असता. शिवाय चित्र सांभाळावं लागतं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये भिंतीवरच्या कॅलेंडरलाही बुरशी धरते. कॅनव्हास वर्षानुवर्षं ओल, ऊन आणि किड्यांपासून वाचवणं हे खर्चाचं आणि चिकाटीचं काम आहे, आणि ते अनेक संग्राहकांनी मनापासून केलंय. समुद्र हजारो लोकांनी बघितल्याने झिजत नाही, चित्र उजेडाने फिकं पडतं. संग्रहालयंही आपली बरीचशी चित्रं कोठारातच ठेवतात. म्हणून ‘चित्र कायम उघडं हवं’ ही मागणी चुकीची आहे.

दुसरा आक्षेप आपल्या पिढीचा. कशाला हवं मूळ चित्र? फोनवर आहे की! हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण चांगली प्रत ही खरोखर मोठी गोष्ट आहे. कर्जतहून घाट चढला की लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन मळवली. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रविवर्म्याचा छापखाना पुढे तिथे गेला, आणि त्या छापील चित्रांनी राजवाड्यातली कला चाळीच्या भिंतीवर आणली. जपानमध्ये होकुसाईची ती जगप्रसिद्ध लाटही मुळात साध्या लोकांनी विकत घ्यायची स्वस्त छपाई होती. पण ती लाट छापण्यासाठीच केलेली होती. गायतोंडेंचं तसं नाही. ते रोलरने आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवत, काही काढून घेत. एकमेकांत विरघळणाऱ्या जवळजवळच्या छटा हीच त्या चित्राची भाषा. आणि फोटोची जेपेग फाइल लहान करताना आपलं सॉफ्टवेअर सर्वांत आधी काय कमी करतं? रंगांतले बारीक फरक. कारण माणसाचा डोळा उजेडातला फरक जितका पकडतो तितका रंगातला पकडत नाही, या हिशेबावर ते उभं आहे. बहुतेक फोटोंना ते चालतं. गायतोंडेंच्या चित्रात मात्र नेमकं तेच गळतं. फोनवर आपल्याला चित्राची माहिती मिळते, चित्र भेटत नाही.

गायतोंडेंचं चित्र विकलं गेलं त्याच महिन्यात ‘बीपल’ नावाच्या कलाकाराची एक डिजिटल फाइल एनएफटी म्हणून सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलरला गेली. ती फाइल कुणीही फुकट बघू शकतो, बिट न् बिट तशीच उतरवू शकतो. विकत घेणाऱ्याकडे फक्त ‘हे माझं’ अशी नोंद. आम्ही ऑफिसात यावर भरपूर हसलो होतो. पण तिजोरीतलं चित्र म्हणजे याचीच उलटी बाजू नाही का? तिथे बघणं कुणालाच नाही, आणि मालकाकडेही शेवटी उरते ती नोंदच.

मग मधला रस्ता काय? सिस्टिममध्ये आपण हक्क वेगवेगळे देतो. बदलायचा हक्क एकाचा, वाचायचा अनेकांचा. चित्राच्या मालकाकडूनही फार मागायचं नाही. नष्ट करू नका. चित्र कुठे आहे हे अभ्यासकांपासून लपवू नका. प्रदर्शनासाठी कुणी नीट मागितलं तर अधूनमधून द्या. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंडेंचं मोठं प्रदर्शन भरलं. ज्यांच्याकडे चित्रं होती त्यांनी ती दिली, म्हणूनच असं प्रदर्शन उभं राहतं. यासाठी पोलीस पाठवावा असं मला वाटत नाही. माणसाच्या घरात शिरणारा कायदा नकोच. पण कायद्याने सूट दिली म्हणून नैतिक प्रश्न मिटत नाही. लपवण्याची मुभा असणं आणि लपवणं योग्य असणं, यात अंतर आहे.

असं वागलेले लोक आपल्याकडे आहेत. कापसाचे व्यापारी आणि हिशेबतपासनीस जहांगीर निकोल्सन यांनी १९६८ पासून चित्रं घ्यायला सुरुवात केली आणि सुमारे ८०० कलाकृती जमवल्या, त्यांत गायतोंडेही. २००१ मध्ये, म्हणजे गायतोंडे गेले त्याच वर्षी, तेही गेले. २०११ पासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांच्या नावाचं दालन आहे. तिथली चित्रं बदलत असतात, त्यामुळे हवं ते चित्र त्या दिवशी असेलच असं नाही. तिकीट काढून आत जायचं आणि जे असेल त्याच्यासमोर उभं राहायचं, एवढंच.

आणि हा भाग आपला. दार उघडा म्हणून ओरडणाऱ्यांनी उघड्या दारातून आत जायला हवं. रिकाम्या दालनांकडे बोट दाखवून उद्या एखादा संग्राहक विचारेल, ‘कुणासाठी द्यायचं चित्र?’, तेव्हा आपल्याकडे उत्तर पाहिजे. पुढच्या वेळी विक्रमी किमतीची बातमी आली की ‘कितीला गेलं’ हे वाचून स्क्रोल करण्याआधी एक प्रश्न विचारू या : कुठे ठेवणार आहेत, आणि कधी बघायला मिळेल?