भोजनातील मात्रा



कोसलचा राजा प्रसेनजित एकदा पोटभर जेवून धापा टाकीतच भगवान बुद्धांच्या दर्शनास आला. भगवंतांनी त्याला मापात जेवण्याचा उपदेश केला. राजाने आहार हळूहळू कमी केला आणि त्याचे शरीर हलके झाले, अशी कथा संयुत्तनिकायात आहे.

तुम्ही म्हणाल, हे राजाला ठीक. ज्यांच्या वाडवडिलांनी शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांना मात्रा कशाला? पण मात्रा म्हणजे उपासमार नव्हे. सिद्धार्थ गौतमाने देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडून दिला. मात्रा म्हणजे अतिरेक नाही आणि उणेही नाही.

आता आपले घर पाहा. सर्वांची जेवणे उरकल्यावर घरातली माउली उरलेसुरले खाते. कित्येकदा तिच्या वाट्याला नुसती भाकरी आणि चटणीच येते. अंगात रक्त कमी झालेली आई घर कसे सांभाळणार? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण समतेचा धम्म स्वीकारला. ती समता चुलीपाशी का अडावी?

ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि पालेभाजी हे साधे अन्न उत्तमच. वर लिंबू पिळा. त्याने अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका. तो लोह अंगी लागू देत नाही. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभराहून कमी ठेवा.

आणि आज रात्री वंदना झाल्यावर सगळ्यांची ताटे एकाच वेळी मांडा. आईचे ताट आधी वाढा.

जयभीम!