बारावीनंतरची निवड : स्वधर्म, घर आणि महाविद्यालय

बारावीनंतर कोणत्या महाविद्यालयात जावे, हा प्रश्न वरकरणी सोयीचा वाटला तरी मुळात कर्तव्याचा आहे. शिकणार एकजण आणि झळ सोसणार सगळे घर, असे असताना निर्णयाचा हक्क कोणाचा? पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यात हा पेच पावसाच्या तोंडावर उभा राहतो. प्रवेशाच्या धावपळीला जोडूनच भाताची आवणी येते. डोंगरउतारावरची शेती पावसाच्या भरवशावर. भात, नाचणी, वरई हाती आली की अनेक वारली, कोकणा, ठाकर, कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांची आणि बांधकामांची वाट धरतात. मुलगी शिकायला गेली की आवणीतले दोन हात कमी होतात.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात परधर्मापेक्षा स्वधर्म बरा मानला आहे. स्वधर्म म्हणजे बापाचा धंदा असा अर्थ लावला, तर पाड्यातल्या मुलाने नांगर सोडूच नये. हा अर्थ बहुधा ज्यांची स्वतःची मुले केव्हाच शहरात स्थिरावली, त्यांच्याच तोंडी असतो. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात मात्र सगळे सांगून झाल्यावर कृष्ण निर्णय अर्जुनावरच सोपवतो. अट एकच, आधी पुरता विचार करावा. १९४५ साली पॅरिसमधल्या व्याख्यानात झाँ-पॉल सार्त्र याने एका विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. एकट्या पडलेल्या आईजवळ राहावे की युद्धात उतरावे, हे विचारायला तो आला होता. सार्त्रने त्याला मार्ग दाखवला नाही. तू मोकळा आहेस, तूच निवड, एवढेच सांगितले.

सार्त्रचे म्हणणे खरे असले तरी अपुरे आहे. त्या विद्यार्थ्यापुढे निदान दोन वाटा होत्या. अमर्त्य सेन यांनी मांडल्याप्रमाणे, नुसती मनाई नसणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. ती गोष्ट प्रत्यक्ष करता येण्याची ऐपतही लागते. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे, म्हणून घरी राहून पदवी घेणे निदान शक्य कोटीत आले. नाशिक किंवा मुंबई गाठायची तर आदिवासी विकास विभागाचे वसतिगृह हवे; तिथे जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून जेवण-निवासाची रक्कम खात्यात जमा होते. पण ती हाती येईपर्यंतचे महिने कसे काढायचे, याचा हिशेब घरात आधीच व्हायला हवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचे काम अकरावीतच सुरू केलेले बरे.

म्हणून महाविद्यालय नावावरून ठरवू नये. हवा तो विषय शिकवायला तिथे कायम प्राध्यापक आहेत का, प्रयोगशाळा खरोखर उघडते का, परतीची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे तिथेच शिकणाऱ्या आपल्या पाड्यातल्या मुलांना विचारावे; माहितीपत्रकात ते सापडत नाही. आवणीला कोणी किती दिवस यायचे, तेही घरच्यांशी बोलून ठरवावे. मुंबई विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम सांभाळून थोडे दिवस शेतावर जाता येते. असा आधी ठरलेला वाटा उचलणे हेही स्वधर्मातच बसते.

रुळण्याचा प्रश्न वर्गापेक्षा वसतिगृहात जास्त जाणवतो. घरी वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीही परकीच असते आणि वर्गात हसू होईल म्हणून तो गप्प बसतो. छळ झाला तर १९९९ पासून महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आहे. तक्रार प्राचार्यांकडे करता येते. धर्माची अडचण मात्र कायद्याने सुटत नाही. वारल्यांचे देव जागेला बांधलेले आहेत. वाघदेव शिवेवर आहे, कणसरी धान्यात. नवे धान्य देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, ही रीत. मेसच्या ताटातला भात नवा की जुना, हे कोण सांगणार? वारकऱ्याचा देव नामाबरोबर कुठेही जातो, शिवेवरचा देव तसा जात नाही. म्हणून ही रीत मागास ठरत नाही, आणि मुलानेही तिची लाज बाळगू नये. नेम गावी पाळावा की बाहेरही, हे निघण्याआधीच घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि भगताला विचारून घ्यावे. त्यासाठी मेसमध्ये उपाशी राहू नये.