पहाटे उठण्याचं पुण्य

पहाटे उठणारा माणूस सज्जन असतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती पसरवण्याचं काम अर्थात पहाटे उठणारेच करतात; उरलेले आपण त्या वेळी झोपलेले असतो. माझ्या एका काकांनी तर पाचला उठण्याच्या भांडवलावर आम्हां सगळ्या पुतण्यांना जन्मभर आळशी ठरवलं. पण हे पुण्य मोजायचं कुठल्या घड्याळानं?

आसामातलं दिब्रुगड आणि सौराष्ट्रातली द्वारका घ्या. एक ब्रह्मपुत्रेकाठी, चहाच्या मळ्यांत; दुसरी समुद्राकाठी, देवाच्या पायाशी. दोहोंत साधारण २६ रेखांशांचं अंतर. एका रेखांशाला ४ मिनिटं, या हिशेबानं दिब्रुगडचा सूर्य द्वारकेच्या सूर्यापेक्षा पावणेदोन तास पुढे असतो. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात. जूनमध्ये दिब्रुगडला सव्वाचारच्या सुमारास उजाडतं, द्वारकेला सहा वाजून गेल्यावर. आता काकांचं ते पाचचं उठणं दिब्रुगडात नेऊन ठेवा. ऊन अंगणात आलेलं. काका चक्क सूर्यवंशी! तेच द्वारकेत ठेवा, की महर्षी. माणूस तोच, गजर तोच. पुण्य तेवढं रेखांशावर अवलंबून!

गावांच्या स्वभावाचंही तेच. आसामी माणूस ‘लाहे लाहे’ म्हणतो, म्हणजे सावकाश, होईल हळूहळू. बाहेरचे त्याला हसतात. सौराष्ट्रात राजकोटच्या दुपारच्या झोपेची कीर्ती दूरवर गेलेली. द्वारकाधीशाचं मंदिरसुद्धा दुपारी बंद असतं; साक्षात देव विश्रांती घेत असताना दुकानदारानं गल्ल्यावर जागत बसणं हा उद्धटपणाच की! (पुण्याबद्दल मी काही बोलत नाही. दुपारची वेळ आहे.)

ही एकच वेळ आली १ जानेवारी १९०६ रोजी. साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची वेळ साऱ्या देशाची ठरली. आपली मुंबई काही लगेच ऐकली नाही. ३९ मिनिटं मागे असलेला ‘बाँबे टाइम’ तिनं १९५५ पर्यंत उराशी धरला. तेव्हा ‘आमचा सूर्य आम्हाला ठाऊक’ म्हणणाऱ्या आसामकडे भुवया उंचावून पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिथले चहामळेवाले तर केव्हापासून तासभर पुढचा ‘बागान टाइम’ पाळत आलेत. चहा खुडायला उजेड लागतो, परिपत्रक नव्हे!

इथवर गंमत आहे. पण डिसेंबरात दिब्रुगडला साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, द्वारकेला सहा वाजून गेल्यावर. दोन सरकारी कारकून, पगार सारखा, कचेरी सुटायची वेळ सारखी. द्वारकेचा कारकून घरी जाऊन, पोराचं बोट धरून समुद्रावर सूर्यास्त पाहतो. दिब्रुगडचा कारकून बाहेर पडतो तो थेट काळोखात. पोराबरोबरची त्याची संध्याकाळ कुणी घेतली? चोरी म्हणावी तर चोर सापडत नाही.

म्हणून २०१४ साली आसामच्या मुख्यमंत्र्यांनी वेगळ्या वेळेचा विषय काढला. २०१८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी देशात दोन वेळा असाव्यात असं सुचवलं. उलट बाजूही खोटी नाही. एकाच रुळांवर दोन वेळांच्या गाड्या म्हटल्यावर छातीत धस्स होतंच.

मला वाटतं, एक वेळ हे सत्य नव्हे, तो करार आहे. सगळ्यांची गाठ पडावी म्हणून केलेला. असल्या करारात कुणाच्या तरी पदरचं जास्त जातं. घड्याळ बदलणं जमत नसेल, तर निदान त्याची कचेरी तासभर आधी उघडावी, आधी सोडावी. तेवढंही जमत नसेल, तर त्याला आळशी तरी म्हणू नये.

वेळ जरूर पाळावी. आपल्यासाठी कुणी ताटकळू नये म्हणून. पण दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी सूर्य कुठवर आलाय ते खिडकीतून बघावं. आपल्या नव्हे, त्याच्या.