मॅटची पकड

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. आता उरल्यात त्या बहुतेक हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या. अशी एखादी गाडी नीटनेटकी करायला घेतली की सगळ्यांचं लक्ष रंगाकडे आणि क्रोमकडे जातं. मला दार उघडून आधी पायाखाली बघावंसं वाटतं. तिथे जुनी रबरी मॅट असेल तर गाडी कशी चालवली गेली हे तिच्यावर सरळ दिसतं. ॲक्सिलरेटरपुढे टाच टेकून टेकून रेघा पुसट झालेल्या असतात, क्लचखाली डाव्या पायाने घासलेला पट्टा असतो, आणि बाकी सगळीकडे पांढुरकी, राखाडी कळा.

या राखाडीपणात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे रेघांत घट्ट बसलेली धूळ. दुसरी रबरातूनच वर येते. ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून रबरात मेण मिसळतात. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर धरतं. म्हणजे आपण ज्याला मळ समजून खरवडायला निघतो, त्यातला काही भाग त्या रबराचं चिलखत असतो. तिसरी गोष्ट मात्र खरी झीज. ऊन आणि प्राणवायू मिळून रबराच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइअर यांना गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली, पुढे काजळी मिसळून ते आणखी चिवट झालं, ती काजळी अतिनील किरणही शोषून घेते. तरीही ही तूटफूट थांबत नाही, फक्त लांबते.

धूळ निघते. तुटलेल्या साखळ्या कुठल्याही पॉलिशने पुन्हा जुळत नाहीत. मग वॉशिंग सेंटरमध्ये फवारा मारला की मॅट काळीभोर कशी होते? पृष्ठभागावरच्या बारीक भेगांत आणि खड्ड्यांत द्रव भरतो, प्रकाश विखुरायचा थांबतो, आणि आपल्याला काळा रंग दिसतो. नुसतं पाणी ओतलं तरी घटकाभर तेवढीच काळी दिसते. रबर होतं तसंच असतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण टायरवर मारायचं सिलिकॉनचं पॉलिश पायाखाली आलं की मॅट निसरडी होते. पावसातून आलेला ओला बूट, तेलकट रबर आणि वर ब्रेक! मॅटवर त्या रेघा ज्या कामासाठी पाडलेल्या असतात, तेच काम आपण देखणेपणापायी घालवतो. जुनी वस्तू पूर्ववत करायची म्हणजे तिचं पहिल्या दिवसाचं रूप परत आणायचं, हा समजच मला चुकीचा वाटतो. परत आणायचं ते तिचं काम.

त्यासाठी लागतं ते साधंच. मॅट बाहेर काढायची, साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन रेघांच्या दिशेने घासायची, भरपूर पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची. पेट्रोल किंवा रॉकेलचा बोळा फिरवायचा नाही. त्याने रबर फुगतं आणि आणखी कमकुवत होतं. खरं काम पुढेच आहे. मॅट उचलल्यावर खालचा पत्रा बघायचा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी मॅटखाली अडकून राहतं, अस्तर दमट राहतं आणि पत्रा वरून कळू न देता गंजत जातो. चकचकीत मॅटखाली बोटाने दाबला तरी पापुद्रे सुटणारा पत्रा असेल, तर त्या चकाकीला काय अर्थ? आधी अस्तर वाळवा, गंज खरवडून रंगाचा हात द्या, आणि मगच मॅट परत टाका.

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट पार गुळगुळीत झाली असेल, कडेने वळून पेडलला अडत असेल, तर कितीही जुनी आणि मूळची असो, ती बदलावी. मागच्या सीटपुढच्या मॅट शाबूत असतील तर स्वच्छ करून तशाच राखाडी राहू द्याव्यात.