प्रतिकूल शेरा

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना 'शेरा' या दोन अक्षरी शब्दाचे वजन समजावून सांगण्याचे कारण नाही. आपण दुसऱ्यांच्या दप्तरावर शेरे लिहितो आणि आपल्याविषयी वरिष्ठ गोपनीय अहवालात काय लिहून ठेवतात याची काळजीही वाहतो. हा दुहेरी अनुभव असूनही एका प्रश्नाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रतिकूल शेरा मिळाल्यावर नीतिदृष्ट्या काय करावयाचे? एखाद्या कचेरीपुरता हा प्रश्न लहान वाटेल. परंतु धर्मसंस्थेने चालविलेल्या प्राथमिक शाळेच्या बाबतीत तो लहान राहत नाही. कारण तेथे शेरा मिळतो शाळेला आणि त्याचे मूळ कारण भोगावे लागते ते सहा-सात वर्षांच्या मुलाला.

चिकपेटसारख्या गजबजलेल्या पेठेच्या आसपास असणारी एखादी कॅथलिक प्राथमिक शाळा कल्पनेने डोळ्यांपुढे आणावी. मुले हमालांची, शिंप्यांची, दुकानांतील नोकरांची. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, पुस्तकात तिसरी. तपासनीस येतात, वर्गात बसतात, वाचून घेतात, गणिते घालतात आणि लिहून जातात की, चौथीच्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. शाळेच्या चालकांच्या मनात तत्क्षणी तीन उत्तरे उभी राहतात. पहिले उत्तर रागाचे: आम्ही आयुष्य या सेवेला वाहिले, अर्ध्या दिवसात येऊन जाणाऱ्याला त्यातले काय कळणार? दुसरे युक्तीचे: पुढल्या खेपेस साहेब येण्यापूर्वी चार हुशार मुले पहिल्या बाकावर बसवावी आणि धडे घोकून घ्यावे. तिसरे करुणेचे दिसते, परंतु सर्वांत निर्दय आहे: मुलेच अशा घरांतली, त्यांच्याकडून याहून अधिक काय व्हावे?

दुसऱ्या उत्तराचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांच्या अनुदानाची रक्कम मुलांच्या हजेरीवर व वाचन, लेखन, अंकगणित यांतील परीक्षेच्या निकालावर बसविली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. शिक्षक मुलांना शिकविण्याऐवजी परीक्षेसाठी तयार करू लागले. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी आणि टीकाकार म्हणून आपल्याला परिचित. पण त्यांच्या आयुष्याची सुमारे ३५ वर्षे शाळा तपासण्यात गेली, आणि या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, हे त्यांनी स्वतः तपासनीस असताना आपल्या अहवालांतून निर्भयपणे लिहिले. ही पद्धत मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले की, निकालावर अनुदान देण्याची रीत खालच्या थरांतील लोकांच्या शिक्षणास मुळीच उपयोगी नाही. ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून उत्पन्न व्हावयाची आहे, त्यांच्यात अशा अटीवर कोणी शिक्षक शाळा काढणार नाही, कारण त्याचे पोटच भरणार नाही.

फुल्यांचे हे म्हणणे आपल्या काल्पनिक शाळेच्या चालकांना फार जवळचे वाटेल. परंतु ते पूर्ण वाचले पाहिजे. गरिबांच्या मुलांची शाळा कमी प्रतीची असली तरी चालेल, असे फुले म्हणत नव्हते. अशा मुलांसाठी सरकारने स्वतः शाळा काढाव्या आणि खास उत्तेजन द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे परिस्थिती बिकट आहे, यावरून त्यांनी कर्तव्य कमी होते असे अनुमान काढले नाही. ते वाढते, असे काढले. कारण आणि सबब यांच्यातील अंतर नेमके हेच आहे. कारण सांगणारा पुढच्या कामाकडे पाहतो. सबब सांगणारा मागच्या कामावर पडदा टाकतो.

आता रागाच्या उत्तराकडे वळू. त्यात सत्याचा अंश नाही असे कोण म्हणेल? एका शब्दात शाळेचा निवाडा करण्याची पद्धत किती घातक ठरू शकते हे अलीकडेच दिसले. इंग्लंडमधील रेडिंग येथे २०२३ च्या जानेवारीत एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने जीवन संपविले. तिच्या शाळेची प्रत सर्वोच्च श्रेणीवरून एकदम सर्वांत खालच्या श्रेणीवर उतरविली जाणार होती. त्या मृत्यूला तपासणीचाही हातभार लागला, असा निर्णय मृत्युचौकशीत डिसेंबर २०२३ मध्ये झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांना असा एकशब्दी शेरा देणे तेथे बंद करण्यात आले. शेरा लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनात बाळगावी. कामाचा दोष सांगणे वेगळे आणि माणसाला दोषी ठरविणे वेगळे.

परंतु तपासणी कठोर असू शकते, यावरून तपासणीच नको, असे सिद्ध होत नाही. सेवाभावाने चालविलेल्या संस्थेत हा मोह विशेष असतो. ज्याने स्वतःसाठी काही मागितले नाही, त्याला हिशेब विचारणे हा अपमान वाटतो. आपल्या राज्यघटनेने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे, आणि तो मोलाचा आहे. तरी केरळ शिक्षण विधेयकासंबंधी १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने मत दिले, तेव्हा हेही बजावले की, संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट रीतीने चालविण्याचा हक्क येत नाही. कायद्याचे हे वाक्य नीतीचेही आहे. हेतूची शुद्धता चालकाच्या आत्म्याला उपयोगी पडेल. वाचता न येणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही. त्या मुलाला चौथीचे वर्ष पुन्हा मिळत नाही, आणि त्याच्या बापाला दुसरी शाळा परवडत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कॅथलिक शाळेला परक्या दारी जावे लागत नाही. ते तिच्याच परंपरेत आहे. इग्नेशियस लोयोलाच्या अनुयायांना रोज आपल्या दिवसाची तपासणी आपणच करण्याची शिकवण आहे. पापनिवेदनाच्या संस्कारातही केवळ 'चुकलो' म्हणून भागत नाही. पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई अशी त्याची तीन अंगे चर्चने मानली आहेत. शेऱ्याला हीच पायरी लावून पाहावी. अहवाल वाचून वाईट वाटणे ही पहिली पायरी. पण ती तेथेच थांबली तर दुखावलेल्या अभिमानात आणि पश्चात्तापात फरक उरत नाही. पालकांना बोलावून, त्यांच्या भाषेत, काही न लपविता अहवाल वाचून दाखविणे ही दुसरी. आणि ज्या मुलांचे नुकसान झाले त्यांना शाळा सुटल्यावर रोज तासभर बसवून वाचावयास शिकविणे ही तिसरी. पुढल्या वर्षीच्या पहिलीत सुधारणा करून या वर्षीच्या चौथीची भरपाई होत नाही. अहवालाला दिलेल्या उत्तरांत बहुधा हेच गाळलेले असते.

राहिला तपासनीस. चिकपेटला छेदून जाणाऱ्या ॲव्हेन्यू रोडवर राइस मेमोरियल चर्च आहे. ते प्रॉटेस्टंट पंथाचे असून बेंजामिन राइस या मिशनऱ्याचे स्मारक आहे. त्यांचे पुत्र बी. एल. राइस १८३७ साली याच शहरात जन्मले. ते म्हैसूर संस्थानात शाळा तपासनीस झाले आणि पुढे शिक्षण खात्याचे संचालक झाले. तपासणीच्या दौऱ्यांत त्यांची नजर वाटेवरच्या शिलालेखांकडे गेली आणि त्यातून 'एपिग्राफिया कर्नाटिका'चे १२ खंड व सुमारे ९,००० लेखांचा संग्रह उभा राहिला. गवतात पडलेला, अक्षरे झिजलेला दगड पाहून हा वाचता येत नाही, असा शेरा मारून ते पुढे गेले असते तर त्यांना दोष कोणी दिला नसता. ते थांबले, त्यांनी धूळ झाडली, ठसा घेतला आणि जाणत्यांच्या साहाय्याने तो वाचला.

शाळा तपासणाऱ्याकडून आणि शाळा चालविणाऱ्याकडून अपेक्षा आहे ती याच वृत्तीची. तपासनिसाने दोष लिहावा, निःसंकोच लिहावा. पण तो कशाने दूर होईल आणि त्यासाठी सरकार काय देईल हेही त्याच कागदावर लिहावे. शाळेने तो कागद कपाटात ठेवू नये आणि भिंतीवर लावून हुतात्मेही होऊ नये. आपल्यापैकी ज्यांच्या हाती दुसऱ्यांचे शेरे लिहिण्याचे काम आहे, त्यांनी लेखणी उचलताना आणि ज्यांना शेरा मिळाला आहे त्यांनी उत्तराचा मसुदा करताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: या कागदामुळे कोणते मूल उद्या वाचावयास शिकणार आहे? याचे उत्तर नावानिशी देता येत नसेल तर शेराही व्यर्थ आणि त्याला दिलेले उत्तरही व्यर्थ.