मोजणाऱ्याचे अधिष्ठान

बीदरच्या पठारावरील मैलूरहून समुद्र शेकडो मैल दूर; तरीही येथील भूमीची उंची आपण समुद्रसपाटीपासूनच सांगतो. जो स्वतः चंचल, त्यालाच आपण प्रमाण मानले आहे! भारतातील उंचींचे १९०९ सालचे गणित मुंबई, कारवार आदी नऊ भरतीमापन केंद्रांवर आधारलेले आहे.

परंतु भरतीमापक यंत्र किनाऱ्याच्या भूमीला जखडलेले असते. भूमी खचली, तरी ते ‘समुद्र चढला’ अशीच साक्ष देते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरची भूमी सुमारे एक मीटर खचली आणि समुद्र तेवढा वर आलेला दिसला. उलट, स्वीडनमध्ये सेल्सियसने १७३१ साली खडकावर पाण्याची खूण कोरली. समुद्र आटत आहे, असे त्यास वाटे. वस्तुतः भूमीच वर येत होती.

मग साक्ष खोटी काय? नव्हे. दोहोंतील अंतर खरेच सांगितले गेले. चुकला तो निष्कर्ष. आपण जेथे उभे आहो ते अचल, ही आपली समजूत नडली.

म्हणून सत्य अज्ञेयच, असे मात्र नाही. आज उपग्रहांच्या साह्याने भूमी व सागर यांची हालचाल वेगवेगळी मोजता येते. जकार्ताची भूमी भूजलाच्या अतिउपशाने खचते. तेथे केवळ समुद्रास दोष देणे म्हणजे आपले पाप दुसऱ्याच्या पदरी बांधणे होय. आणि जगाचा सागर खरोखर चढत असता ‘जमीनच खचली’ म्हणून हात झटकणे, हेही असत्यच. ज्याच्या दारी पाणी आले त्यास दोन्ही सारखीच. उपाय मात्र वेगळे.

दुसऱ्यास मोजण्यापूर्वी आपल्या पायाखालची भूमी तपासावी. तपासल्यावर मोजण्याचे टाळू नये.